सामाईक फोल्डरमधली फाइल दिसते, पण दुसऱ्या खात्यावरून उघडत नाही : कारण आणि उपाय

घरात संगणक एकच आणि आई, वडील, मुले यांची खाती मात्र वेगवेगळी अशी व्यवस्था असली, की एक तक्रार ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा डोके वर काढते. वडिलांनी आपल्या खात्यातून विजेच्या बिलाची किंवा सातबाऱ्याची पीडीएफ ‘पब्लिक’ या सगळ्या खात्यांसाठीच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवलेली असते. आई तिच्या खात्यातून तो फोल्डर उघडते, फाइलचे नाव तिला स्वच्छ दिसते, परंतु त्यावर दोनदा क्लिक केले की परवानगी नसल्याचा संदेश येतो. त्याच फोल्डरमधली गेल्या महिन्याची फाइल मात्र विनातक्रार उघडते. मग कोणीतरी ती एक फाइल पेनड्राइव्हमधून फिरवून आणतो, वेळ निभावते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तोच प्रकार होतो. येथे विंडोज १० आणि विंडोज ११ वरील नेमक्या याच अडचणीचा विचार केला आहे. मॅक आणि लिनक्सवर तिचे रूप थोडे निराळे असते. त्याविषयी पुढे थोडक्यात लिहिले आहे.

या तक्रारीची सर्वांत उपयोगी खूण हीच, की काही फाइली उघडतात आणि काही उघडत नाहीत. सामाईक फोल्डरची व्यवस्था मुळातच चुकलेली असती तर तिथल्या सगळ्याच फाइली अडल्या असत्या. म्हणून फोल्डरच्या सेटिंगमध्ये दोष शोधत बसण्यापेक्षा अडलेली फाइल त्या फोल्डरमध्ये कोणत्या वाटेने आली, हे आधी विचारावे. ती ‘कट’ करून आणली की ‘कॉपी’ करून, एवढ्या एका प्रश्नाने बहुतेक प्रकरणे उलगडतात.

दुखणे हेच आहे ना?

उपायाकडे वळण्यापूर्वी, सारख्याच दिसणाऱ्या दोन अडचणी बाजूला काढाव्या लागतात. पहिली म्हणजे फाइल दुसऱ्या खात्यात उघडी असणे. एखाद्याने आपल्या खात्यातून साइन आउट न होता नुसते ‘स्विच यूजर’ केले, तर त्याच्या खात्यातले प्रोग्रॅम पडद्यामागे चालूच राहतात. वडिलांच्या खात्यात एक्सेलमध्ये घरखर्चाची फाइल उघडी राहिलेली असेल, तर मुलीला ती केवळ वाचण्यापुरती उघडते आणि फाइल दुसऱ्या कोणाकडे संपादनासाठी उघडी असल्याचे सांगितले जाते. ही परवानगीची अडचण नव्हे. टास्क मॅनेजरमधील ‘यूजर्स’ हा भाग उघडला, की कोणाकोणाची खाती अजून चालू आहेत ते दिसते. ज्याची फाइल उघडी आहे त्याने ती जतन करून साइन आउट केले, की प्रश्न मिटतो. घाईघाईने संगणक रीस्टार्ट करू नये, कारण त्या दुसऱ्या खात्यातले न जतन केलेले काम त्यात जाऊ शकते.

दुसरी अडचण शॉर्टकटची. पुष्कळदा ‘पब्लिक’मध्ये फाइल नसतेच, तिथे ठेवलेला असतो तो मूळ फाइलकडे बोट दाखवणारा शॉर्टकट, आणि मूळ फाइल असते ठेवणाऱ्याच्या खासगी ‘डॉक्युमेंट्स’मध्ये. चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यात लहानसा बाण दिसला तर तोच प्रकार समजावा. ठेवणाऱ्याच्या खात्यातून तो शॉर्टकट नेहमीच उघडतो, त्यामुळे त्याला इतरांची तक्रार पटत नाही, आणि घरात अकारण वाद होतो.

हे दोन्ही नसेल, तर पुढचे वाचावे.

फाइल हलते तेव्हा तिचे हक्कही हलतात

विंडोजमध्ये डिस्कवर फाइली ज्या व्यवस्थेने ठेवल्या जातात ती एनटीएफएस १९९३ साली विंडोज एनटी ३.१ सोबत आली. तिच्यात प्रत्येक फोल्डरला आणि प्रत्येक फाइलला स्वतःची हक्कांची यादी असते: कोणाला वाचता येईल, कोणाला बदलता येईल, कोणाला पुसता येईल. या यादीत आपल्याला नावे दिसत असली तरी विंडोज खाते ओळखते ते नावावरून नव्हे, तर खाते तयार होताना दिलेल्या एका लांबलचक क्रमांकावरून, ज्याला एसआयडी म्हणतात. हा तपशील पुढे जुन्या डिस्कच्या संदर्भात कामी येणार आहे.

सी ड्राइव्हवरील ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये घरातल्या प्रत्येक खात्याचा एकेक फोल्डर असतो. (खाते मायक्रोसॉफ्टच्या ई-मेलने उघडलेले असेल, तर या फोल्डरचे नाव पूर्ण नाव नसून बहुधा ई-मेल पत्त्याची पहिली पाच अक्षरे असतात, त्यामुळे ‘हा कोणाचा फोल्डर?’ असा प्रश्न पडला तर गोंधळू नये.) या फोल्डरच्या यादीत साधारणपणे तीनच नोंदी असतात: ‘सिस्टिम’ (म्हणजे विंडोज स्वतः), ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ (संगणकात बदल करण्याचे वाढीव अधिकार असलेली खाती) आणि ते खाते ज्याचे आहे ती व्यक्ती. घरातल्या इतरांचा तिथे उल्लेखच नसतो, आणि ज्याचा उल्लेख नाही त्याला प्रवेश नाही. त्याच ‘यूजर्स’मध्ये ‘पब्लिक’ नावाचा फोल्डर असतो. विंडोज एक्सपीमध्ये हे काम ‘शेअर्ड डॉक्युमेंट्स’ करत असे. २००७ साली व्हिस्टा आली तेव्हापासून ‘पब्लिक’ हे त्याचे ठिकाण झाले. याच्या यादीत ‘इंटरॅक्टिव्ह’ नावाची एक नोंद असते. संगणकासमोर प्रत्यक्ष बसून लॉग-इन केलेला कोणीही, असा तिचा अर्थ. म्हणूनच घरातल्या प्रत्येकाला तिथल्या फाइली वाचता आणि बदलता येतात.

आता मुख्य मुद्दा. नवी फाइल ज्या फोल्डरमध्ये जन्मते, त्या फोल्डरचे हक्क ती वारशाने घेते. विंडोजच्या परिभाषेत हा ‘इनहेरिटन्स’. फाइल कॉपी केली, तर नव्या ठिकाणी खरोखरच एक नवी फाइल तयार होते, त्यामुळे तिला नव्या फोल्डरचे हक्क मिळतात. परंतु त्याच ड्राइव्हवर ‘कट’ आणि ‘पेस्ट’ केले, तर डिस्कवर फाइल जागची हलतही नाही. ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे ही नोंद तेवढी बदलते, आणि तिची हक्कांची यादी तिच्याबरोबर जशीच्या तशी जाते. कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकवले तरी त्याचे कुलूप तेच राहते, तसे हे आहे. वडिलांच्या ‘डाउनलोड्स’मधून ‘पब्लिक’मध्ये कट करून आणलेल्या बिलाच्या यादीत अजूनही वडिलांचेच नाव असते, ‘इंटरॅक्टिव्ह’चे नसते. आईला नाव दिसते, कारण फोल्डरमध्ये काय काय आहे हे पाहण्याचा हक्क फोल्डरच्या यादीवर अवलंबून असतो. उघडता येत नाही, कारण उघडण्याचा हक्क फाइलच्या यादीवर अवलंबून असतो.

माउसने ओढून टाकणे हेदेखील त्याच ड्राइव्हवर असेल तर हलवणेच असते. एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर ओढले तर मात्र विंडोज आपणहून कॉपी करते. घरातला एक जण नेहमी ओढून टाकतो, दुसरा नेहमी कॉपी करतो, आणि म्हणून ‘तुझ्या फाइली उघडतात, माझ्याच का नाही’ असे कोडे तयार होते.

यात आणखी दोन बारकावे आहेत, आणि तक्रार लहरी वाटते ती त्यांच्यामुळे. एक म्हणजे, हलवणारा प्रोग्रॅम कोणता यावरही परिणाम ठरतो. हलवून झाल्यावर नव्या फोल्डरचे हक्क लावण्याची सोय प्रोग्रॅमला असते. कोणी ते करतो, कोणी करत नाही. काही प्रोग्रॅम, विशेषतः स्कॅनरसोबत येणारे, फाइल आधी तुमच्या खात्यातल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये तयार करतात आणि पूर्ण झाल्यावर निवडलेल्या ठिकाणी सरकवतात; अशा वेळी आपण थेट ‘पब्लिक’मध्ये जतन करूनही फाइलवर खासगी हक्क राहू शकतात. दुसरा बारकावा असा, की वरच्या फोल्डरच्या हक्कांत कोणीही, कोणत्याही कारणाने, बदल केला तर विंडोज त्याखालच्या फाइलींचे वारशाने आलेले हक्क नव्याने मांडते, आणि महिनोन्‌महिने अडलेली फाइल एके दिवशी अचानक उघडू लागते. ते पाहून घरातले लोक ‘अपडेटने दुरुस्त झाले’ असे म्हणतात. दुरुस्त काहीच झालेले नसते. पुढची हलवलेली फाइल पुन्हा अडते.

खात्री करून घेणे

अंदाजाने उपाय करण्यापेक्षा यादी डोळ्यांनी पाहणे केव्हाही चांगले, आणि त्याला फार वेळ लागत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर असलेल्या खात्यातून, किंवा ज्याने फाइल ठेवली त्याच्या खात्यातून, अडलेल्या फाइलवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि ‘सिक्युरिटी’ या भागावर जावे. तिथे वरच्या चौकटीत नावांची यादी दिसते. नंतर त्याच फोल्डरमधली, सगळ्यांना उघडणारी एखादी फाइल घेऊन तिचीही यादी पाहावी. उघडणाऱ्या फाइलच्या यादीत ‘इंटरॅक्टिव्ह’ असेल आणि अडलेल्या फाइलच्या यादीत ते नसून एकाच व्यक्तीचे नाव असेल, तर निदान पक्के झाले. विंडोजच्या होम आवृत्तीतही हा ‘सिक्युरिटी’ भाग असतो. एक्सपी होममध्ये तो केवळ सेफ मोडमध्ये दिसत असे, आणि त्या काळातले काही सल्ले आजही फिरत असतात, म्हणून हे सांगितले.

‘प्रॉपर्टीज’च्या पहिल्याच भागात फोल्डरसाठी ‘रीड-ओन्ली’ची चौकट भरलेली दिसते, आणि बरेच जण तीच खूण काढण्यात वेळ घालवतात. फोल्डरच्या बाबतीत त्या खुणेचा आपल्या अडचणीशी काहीही संबंध नसतो.

अडलेल्या फाइली मोकळ्या करणे

अडलेल्या फाइली दोन-चारच असतील, तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे ज्याने त्या ठेवल्या त्याने आपल्या खात्यात जाऊन प्रत्येकीची त्याच फोल्डरमध्ये कॉपी करावी, कॉपी दुसऱ्या खात्यातून उघडते याची खात्री करावी आणि मग जुनी फाइल पुसून कॉपीला जुने नाव द्यावे. कॉपी ही नवी फाइल असल्याने ती सामाईक फोल्डरचे हक्क घेऊनच तयार होते.

फाइली शेकड्याने असतील, उदाहरणार्थ लग्नाच्या फोटोंचा संपूर्ण फोल्डर कट करून आणलेला असेल, तर वारसा नव्याने लावावा. यासाठी ॲडमिनिस्ट्रेटर खाते लागते. ‘पब्लिक’च्या आत ‘घरचे कागद’ किंवा ‘घरचे फोटो’ असा एक फोल्डर असावा आणि पुढची कृती केवळ त्याच्यावर करावी. त्या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी’, मग ‘ॲडव्हान्स्ड’ असे जावे आणि ‘चेंज परमिशन्स’चे बटण दिसत असेल तर ते दाबावे. खाली ‘एनेबल इनहेरिटन्स’ असे बटण दिसले, तर या फोल्डरचा वारसा कधीतरी तोडलेला आहे असे समजून ते दाबावे; ‘डिसेबल इनहेरिटन्स’ दिसले, तर वारसा चालू आहे आणि त्याला हात लावू नये. यानंतर, आतील सर्व वस्तूंचे हक्क काढून त्या जागी या फोल्डरचे वारशाचे हक्क लावण्याविषयीची, ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज’ या शब्दांनी सुरू होणारी चौकट असते. तिच्यावर खूण करून ‘अप्लाय’ दाबावे आणि येणाऱ्या इशाऱ्याला ‘येस’ म्हणावे. फाइली पुष्कळ असल्या तर नावे भराभर सरकताना दिसतील. ते पूर्ण होऊ द्यावे, मध्ये खिडकी बंद करू नये.

एखाद्या फाइलपाशी ‘ॲक्सेस इज डिनाइड’ असा अडथळा आला, तर तिच्या यादीतून ॲडमिनिस्ट्रेटर्सचेही नाव गेलेले असते. अशा वेळी त्याच ‘ॲडव्हान्स्ड’ खिडकीत वर ‘ओनर’च्या ओळीपुढील ‘चेंज’ दाबून मालक म्हणून ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ लिहावे, ‘चेक नेम्स’ने नाव तपासून घ्यावे आणि आतील फाइलींचाही मालक बदलण्याची जी चौकट तिथे दिसू लागते तिच्यावर खूण करावी. मालकी बदलल्यावर खिडक्या एकदा बंद करून पुन्हा उघडाव्या लागतात आणि मग वरची कृती पुन्हा करावी लागते.

हे करून झाल्यावर मुलांच्या साध्या खात्यात जाऊन दोन गोष्टी करून पाहाव्यात: एक फाइल उघडणे आणि एक फाइल बदलून जतन करणे. नुसती उघडून समाधान मानले, तर ‘उघडते पण सेव्ह होत नाही’ ही पुढची तक्रार आठवड्याभरात येते, आणि मग घरखर्चाच्या फाइलच्या ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘शेवटची’ अशा आवृत्त्या साचत जातात.

जे उपाय करू नयेत

सर्वांत जास्त सुचवला जाणारा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय म्हणजे घरातल्या सगळ्यांना ॲडमिनिस्ट्रेटर करणे. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातही फाइल एक्सप्लोरर साध्या खात्याच्याच अधिकाराने चालतो. वाढीव अधिकार परवानगीची खिडकी येऊन ‘येस’ म्हटल्यावरच वापरले जातात. त्यामुळे सगळे ॲडमिनिस्ट्रेटर झाले तरी अडलेली फाइल अडतेच, आणि वर शाळकरी मुलाला कोणताही प्रोग्रॅम बसवण्याची मोकळीक मिळते.

याच्याशी जोडलेला दुसरा प्रकार ‘कंटिन्यू’ बटणाचा. दुसऱ्याच्या खासगी फोल्डरवर क्लिक केले, की सध्या परवानगी नाही, कायमचा प्रवेश हवा असल्यास ‘कंटिन्यू’ दाबा, असा संदेश येतो. त्यातला ‘कायमचा’ हा शब्द अक्षरशः घ्यावा. ते बटण दाबून अधिकार दिला, की विंडोज त्या फोल्डरच्या आणि आतल्या सगळ्याच्या यादीत दाबणाऱ्याचे नाव घालते, आणि ते कोणी जाणीवपूर्वक काढेपर्यंत तिथेच राहते. एका फाइलसाठी मुलाच्या खात्याला वडिलांच्या संपूर्ण ‘डॉक्युमेंट्स’ची किल्ली देऊन बसणे हा सौदा वाईट आहे. स्वतंत्र खाती ठेवण्याचा हेतूच त्यात संपतो.

‘प्रॉपर्टीज’मधील ‘शेअरिंग’ हा भाग नावामुळे आपल्या कामाचा वाटतो, पण तो नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकांसाठी आहे. एकाच संगणकावरील खात्यांना त्याची गरज नसते. तिथे ‘एव्हरीवन’ला हक्क देऊन ठेवले, तर घरच्या वायफायवर येणाऱ्या इतर संगणकांसाठी दार विनाकारण किलकिले होते. ‘होमग्रुप’ ही घरच्या संगणकांमध्ये फाइली वाटून घेण्याची जुनी सोय शोधणाऱ्यांनीही तो शोध सोडावा. २०१८ साली आलेल्या विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ती सोय काढून टाकलेली आहे.

आणि वर सांगितलेली ‘रिप्लेस ऑल’ची कृती संपूर्ण सी ड्राइव्हवर किंवा ‘यूजर्स’ फोल्डरवर कधीही करू नये. एकदा का खासगी फोल्डरांच्या आणि विंडोजच्या स्वतःच्या फाइलींच्या याद्या एकसारख्या केल्या, की त्या पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य होते, आणि बहुधा विंडोज नव्याने टाकण्यावर वेळ येते.

पुन्हा होऊ नये म्हणून

आपल्याकडे जोडणी करून घेतलेल्या संगणकांत दुकानदार डिस्कचे सी, डी आणि कधी ई असे भाग पाडून देतो. असा दुसरा भाग असेल, तर माझ्या मते सामाईक फोल्डर ‘पब्लिक’मध्ये न ठेवता डी ड्राइव्हवर ठेवावा. याचे कारण सरळ आहे: एका भागातून दुसऱ्या भागात ‘कट’ केले तरी विंडोजला प्रत्यक्षात कॉपी करून मूळ फाइल पुसावी लागते, म्हणजे नवी फाइल जन्मते आणि ती नव्या ठिकाणचेच हक्क घेते. खाती सी ड्राइव्हवर आणि सामाईक फोल्डर डी ड्राइव्हवर, एवढ्यानेच कट-कॉपीचा भेद घरच्यांच्या दृष्टीने संपतो. सवय बदलायला सांगण्यापेक्षा रचना बदलणे नेहमीच अधिक टिकते.

परंतु याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. विंडोजमध्ये नेहमीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डी ड्राइव्हवर ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ना, म्हणजे लॉग-इन केलेल्या प्रत्येक खात्याला, बदल करण्याचा हक्क असतो. आपले खाते वेगळे आहे एवढ्या भरवशावर पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ डी ड्राइव्हवर ठेवणारे पुष्कळ असतात. घरातला प्रत्येक जण ते उघडू शकतो, एवढेच नव्हे तर पुसूही शकतो. खासगी ते आपल्या खात्याच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये, सामाईक ते डी ड्राइव्हवर, अशी विभागणी ठेवावी.

सी हा एकच ड्राइव्ह असेल, तर घरात एक नियम ठरवावा, की सामाईक फोल्डरमध्ये फाइल आणताना ती कॉपीच करायची. माउसने ओढताना कंट्रोलची कळ दाबून धरली तर त्याच ड्राइव्हवरही कॉपीच होते. त्याहून चांगले म्हणजे ब्राउझरमध्ये डाउनलोडचे ठिकाण आणि वर्डमध्ये जतन करण्याचे ठिकाण निवडताना थेट सामाईक फोल्डर द्यावा. प्रत्येक खात्यात तो फोल्डर एकदा ‘क्विक ॲक्सेस’मध्ये पिन करून ठेवला, तर सी, मग ‘यूजर्स’, मग ‘पब्लिक’ असा प्रवास कोणालाच करावा लागत नाही, आणि ज्या ठिकाणी जाणे सोपे तिथेच लोक फाइली ठेवतात.

सामाईक फोल्डरमध्ये बदलण्याचा हक्क म्हणजे पुसण्याचाही हक्क, हे मुलांना सांगून ठेवावे. येथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: रिसायकल बिन प्रत्येक खात्याचे वेगळे असते. मुलीने तिच्या खात्यातून सामाईक फोल्डरमधली फाइल पुसली, तर ती तिच्याच रिसायकल बिनमध्ये जाते. आईने आपल्या खात्यात कितीही शोधले तरी ती सापडणार नाही. फाइल ‘गायब’ झाली तर आधी प्रत्येक खात्यात जाऊन तिथले रिसायकल बिन पाहावे.

जुन्या संगणकाची डिस्क, वनड्राइव्ह आणि पेनड्राइव्ह

जुना संगणक बंद पडला म्हणून त्याची डिस्क नव्या संगणकाला जोडली, किंवा विंडोज नव्याने टाकले, तर डी ड्राइव्हवरचे काही जुने फोल्डर आपल्यालाच उघडत नाहीत, खात्याचे नाव हुबेहूब तेच असूनही. ‘सिक्युरिटी’मध्ये पाहिले तर नावाच्या जागी ‘अकाउंट अननोन’ आणि त्यापुढे एस, १, ५, २१ अशा क्रमाने सुरू होणारी आकड्यांची लांब माळ दिसते. हाच तो एसआयडी. खाते नव्याने तयार झाले तेव्हा त्याला नवा क्रमांक मिळाला, आणि जुन्या यादीत जुनाच क्रमांक राहिला. येथे मालकी बदलणे आणि वारसा नव्याने लावणे, या वरच्याच दोन कृती उपयोगी पडतात. फक्त त्या त्या एका फोल्डरपुरत्या कराव्यात.

वनड्राइव्हने ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’चा बॅकअप सुरू केलेला असेल, तर ते फोल्डर प्रत्यक्षात त्या खात्याच्या वनड्राइव्ह फोल्डरच्या आत गेलेले असतात, आणि त्यातल्या ज्या फाइलींपुढे ढगाचे चिन्ह आहे त्या डिस्कवर उतरलेल्याच नसतात. अशी फाइल सामाईक फोल्डरमध्ये न्यायची असल्यास आधी ती उघडून उतरवून घ्यावी आणि मग कॉपी करावी. येथे कट करणे दुहेरी नडते, कारण वनड्राइव्हच्या दृष्टीने ती फाइल तिथून काढून टाकली गेलेली असते.

पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, आणि या दोन्ही पद्धतींत हक्कांची यादी नावाची गोष्टच नसते. पेनड्राइव्हवरून फिरवून आणलेली फाइल ‘बरी’ होते ती याच कारणाने: तिची यादी वाटेत गळून पडते. तातडीच्या वेळी हे चालते, पण फॅट३२ वर ४ जीबी आणि त्याहून मोठी फाइल मावत नाही, त्यामुळे लांबलचक व्हिडिओंना ही वाटही बंद असते.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर ‘यूजर्स’मध्ये ‘शेअर्ड’ नावाचा फोल्डर असतो. तिथे एकाने तयार केलेली फाइल इतरांना वाचता येते, परंतु बदलता येत नाही, कारण नव्या फाइलवर मालकाला लिहिण्याचा आणि इतरांना केवळ वाचण्याचा हक्क देण्याची तिथली मूळ पद्धत आहे. ‘गेट इन्फो’मध्ये ‘एव्हरीवन’ला लिहिण्याचा हक्क देऊन आतील वस्तूंना लावला, तर आज असलेल्या फाइली सुटतात, उद्या तयार होणारी फाइल पुन्हा तशीच अडते. केवळ वाचायच्या बिलांना आणि फोटोंना ही व्यवस्था पुरेशी आहे.

लिनक्सवर उबंटूच्या २१.०४ या आवृत्तीपासून प्रत्येकाचा होम फोल्डर इतरांना बंद असतो, त्यामुळे पूर्वी सहज दिसणाऱ्या फाइली दिसेनाशा झाल्या. तिथे घरातल्या सगळ्यांचा एक ग्रुप करून, होमच्या बाहेर एक फोल्डर त्या ग्रुपच्या नावे ठेवावा, त्यावर सेटजीआयडी बिट (आत तयार होणारी फाइल त्याच ग्रुपच्या नावे करणारी खूण) लावावा आणि डिफॉल्ट एसीएलने, म्हणजे नव्या फाइलींना आपोआप लागणाऱ्या हक्कांच्या यादीने, ग्रुपला लिहिण्याचा हक्क द्यावा. हलवलेली फाइल जुने हक्क घेऊन येते, हा नियम मात्र तिथेही तसाच आहे.

खाते काढून टाकताना

मूल शिक्षणासाठी बाहेरगावी गेले की त्याचे खाते काढून टाकण्याचा विचार होतो, आणि या अडचणीचे शेवटचे टोक तिथे लागते. ‘सेटिंग्ज’मधून खाते काढले तर खात्याबरोबर त्याचा डेटाही जातो, असे विंडोज बटणावरच सांगते. जुन्या कंट्रोल पॅनेलमधून तेच काम केले तर ‘कीप फाइल्स’ हा पर्याय मिळतो, आणि त्या खात्याचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो वगैरे ॲडमिनिस्ट्रेटरच्या डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवले जातात. सामाईक फोल्डरमधल्या फाइली दोन्ही मार्गांत सुरक्षित राहतात. त्यांच्या मालकाच्या जागी नाव जाऊन एसआयडीचे आकडे दिसू लागतात एवढेच. ज्यांना फोल्डरचे हक्क वारशाने मिळालेले आहेत त्या फाइली पूर्वीसारख्याच उघडतात, पण जी फाइल त्या मुलाने कट करून आणली होती आणि जिच्या यादीत त्याचेच एकट्याचे नाव होते, ती आता घरातल्या कोणत्याच साध्या खात्यातून उघडणार नाही. म्हणून खाते काढण्याच्या आदल्या दिवशी सामाईक फोल्डरवर वारसा एकदा नव्याने लावून घ्यावा, आणि मगच खाते काढावे.